तांबूचा कागद

चामटोलीच्या मोतीबाईंची सून गोजरबाई, गोजरबाईंची सून शालनबाई आणि शालनबाईंची सून बनूबाई. या घरातल्या जमिनी पुरुषांच्या नावावर चढल्या आणि उतरल्या. औषधाचा डबा मात्र सासूकडून सुनेकडेच येत राहिला. मोतीबाईंच्या काळी तो डबा नव्हताच, कापडी बटवा होता. त्यात हिरडा, बेहडा, वेखंड आणि डोंगरातून आणलेल्या दोन-चार मुळ्या असत. गोजरबाईंनी त्यात सुंठ आणि सागरगोट्यांची भर घातली. शालनबाईंनी बटव्याच्या जागी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि त्याला कडी-कुलूप लावून घेतले. बनूबाईंच्या कमरेला किल्ली आली, तेव्हा मुळ्या तळाशी गेल्या होत्या आणि वर गोळ्यांची पाकिटे रचली गेली होती.

गुण आला की औषध थांबवायचे आणि उरलेले डब्यात ठेवायचे, हा बनूबाईंचा कायदा होता. डॉक्टर सात दिवसांचे लिहून देतो, कारण त्यालाही दुकान चालवायचे असते, असे त्या ठामपणे सांगत. गावात कोणाला ताप आला, गळू झाले, दाढ सुजली, की माणूस आधी बनूबाईंच्या ओट्यावर येई. त्या कपाळाला हात लावीत, जीभ बघत आणि दोन लाल-पिवळ्या कॅप्सूल तळहातावर ठेवीत. एक आज, एक उद्या. जखम असेल तर कॅप्सूल फोडून पूड थेट जखमेवर. बहात्तर वर्षांच्या त्या बाईला उलट विचारण्याची कोणाची छाती नव्हती आणि गरजही पडत नव्हती, कारण माणसे बहुधा बरी होत.

दिवाळीच्या सुमारास घरच्या तांबू कुत्र्याच्या कानामागे जखम झाली आणि तिला पाणी सुटले. बनूबाईंनी खोबरेल तेलाच्या वाटीत पूड कालवून लावली आणि दोन दिवस भाकरीच्या तुकड्यातून अर्धी-अर्धी गोळी चारली. खपली धरली. वीस दिवसांनी ती पुन्हा फुटली. असे तीनदा झाले. जानेवारीत मात्र पू मानेपर्यंत उतरू लागला, तेव्हा त्यांनी तांबूला रिक्षात घातले आणि बदलापूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर हर्षदा तिशीच्याही आतली मुलगी होती. तिने कापसाच्या काडीवर पू घेऊन तपासायला पाठवला आणि चौथ्या दिवशी बनूबाईंना बोलावून त्यांच्यापुढे एक कागद ठेवला.

"आजी, ह्याला घरी काय काय दिलंत?"

"जे माणसाला देते तेच. कुत्रा म्हणून हलकं नाय दिलं."

"तोच तर सगळा लोचा आहे," हर्षदा म्हणाली. "ही चौदा औषधांची नावं आहेत. ज्याच्यापुढे आर लिहिलंय, ते औषध ह्या जंतूला लागू होत नाही. मोजा."

"मला वाचता येतं, मोजताही येतं." बनूबाईंनी मोजले. अकरा.

"अर्धंच औषध दिलं की कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात. तेच वाढतात. आणि हा कुत्र्यापुरता राहणारा जंतू नाही, आजी. तुमच्या हातून ह्याच्याकडे आला असेल, नाहीतर ह्याच्याकडून उद्या घरात कोणाकडेही जाईल. ह्याला हात लावला की साबणाने धुवा. आणि घरात कोणाला उघडी जखम असली, तर ह्याला त्या माणसापासून लांब ठेवा."

"चार पिढ्यांत आमच्या हातून कोणी दगावलं नाय, डॉक्टरीणबाई," बनूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

हर्षदाने लिहून दिलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या. चार दिवस दिल्या. जखम सुकू लागली, तशी उरलेली पाकिटे डब्यात गेली. तो कागदही त्यांनी चौघडी करून डब्याच्या तळाशी, मुळ्यांच्या खाली, दाबून ठेवला. मुलाला सांगितले, कुत्र्याला उष्णता झाली होती.

पुढच्या महिन्यात सून किर्ती हिचे गर्भपिशवी काढण्याचे ऑपरेशन उल्हासनगरात झाले. पाचव्या दिवशी ती घरी आली. बरोबर सात दिवसांच्या गोळ्या होत्या. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसलेली दिसली, तेव्हा बनूबाई म्हणाल्या, "बरी झालीस की. राहिलेल्या गोळ्या आण इकडं." किर्तीने आणून दिल्या. बावीस वर्षांच्या संसारात तिने सासूचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

तांबूचा कान याच दिवसांत पुन्हा फुटला. बनूबाई सकाळी आधी त्याचा कान पुसत, हात पदराला पुसत आणि मग किर्तीच्या पोटावरची पट्टी सोडून, "जरा वारा लागू दे," म्हणत त्याच हाताने कॅप्सूलची पूड टाक्यांवर सोडत. टाके लाल झाले. त्यांनी पूड वाढवली. टाक्यांतून पू आला, तेव्हा त्यांना हर्षदाचे बोलणे आठवले. ते त्यांनी मनातून असे झटकले, जशी ताटावर बसलेली माशी हाताने झटकावी. पण माशी उडून पुन्हा तिथेच येऊन बसत होती.

महाशिवरात्रीच्या सकाळी किर्ती थंडीने कुडकुडत असंबद्ध बोलू लागली.

बनूबाईंचा मुलगा अभिजीत आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर होता. तो मित्राची गाडी घेऊन धावत आला. अंबरनाथला शिवमंदिराच्या जत्रेमुळे रस्ते वळवलेले होते. उल्हासनगरला पोहोचायला दोन तास गेले. दोन्ही तास किर्तीचे डोके बनूबाईंच्या मांडीवर होते आणि त्या डोक्याची धग नऊवारीच्या घड्यांतून त्यांना लागत होती.

ऑपरेशन करणारे डॉक्टर रोहिरा हे उल्हासनगरातच वाढलेले सिंधी गृहस्थ. त्यांचे मराठी अर्ध्यात हिंदीकडे वळे. त्यांनी टाके पाहिले, यंत्रावरचे आकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पू रक्तात उतरलाय. बीपी गिर रहा है. सॅम्पल पाठवलंय, पण रिपोर्ट परवा येईल. तोपर्यंत अंदाजाने औषध चालवायचं. अंदाज चुकला, तर परवापर्यंत ह्यांच्याकडे टाइम नाही." मग त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हणून खरं सांगा. गोळ्या पूर्ण घेतल्या? घरी जखमेवर काही लावलं?"

"तुम्ही दिल्या तशाच, सर," अभिजीत म्हणाला. "आमच्याकडे औषधाचं सगळं आई बघते. एकदम टायमावर."

किर्तीने कोरडे ओठ उघडले. "सगळ्या घेतल्या," ती म्हणाली. "काही... लावलं नाय."

एवढे बोलून तिने सासूकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती. चारचौघांत सासूच्या डोक्यावरून घसरलेला पदर सुनेने हळूच सावरावा, तशी ती नजर होती. बनूबाईंना ती सहन झाली नाही. त्या बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

अभिजीत जन्मला, त्याला आता सत्तेचाळीस वर्षे झाली होती. त्या बाळंतपणात सहाव्या दिवशी बनूबाईंना असाच थंडी वाजून ताप भरला होता. शालनबाईंनी चार दिवस काढे पाजले, मुळ्या उगाळल्या आणि डॉक्टरचे नाव काढणाऱ्या बनूबाईंच्या नवऱ्याला दारातून हाकलले. चौथ्या दिवशी सुनेचे डोळे फिरलेले पाहून त्यांनीच बैलगाडी जुंपायला सांगितली. बदलापूरच्या दवाखान्यात गाडीमागोमाग आलेली चामटोलीची निम्मी पुरुषमंडळी ओसरीवर बसलेली होती. ज्यांच्यापुढे गाव नजर खाली घाली, त्या शालनबाई त्या सगळ्यांदेखत डॉक्टरला म्हणाल्या होत्या, "चूक माझी हाय. मी हिला चार दिवस घरात ठेवली. मी काय काय दिलं, ते सांगते, लिहून घ्या." त्या दिवशी पेनिसिलिनच्या सुयांनी बनूबाई वाचल्या. पुढे उठून बसता आल्यावर त्यांनी सासूचे पाय धरले, तेव्हा शालनबाईंनी पाय मागे घेतले होते. "मला काय फेडू नको," त्या म्हणाल्या होत्या. "तुझी सून अशी पडेल, तेव्हा तोंड उघड. म्हणजे फिटलं."

सत्तेचाळीस वर्षे बनूबाई सांगत आल्या होत्या की तापासाठी आमच्या घरातले कोणी डॉक्टरची पायरी चढले नाही. ती बैलगाडी त्यांनी कोणाला सांगितलीच नव्हती.

त्या उठल्या. दारातूनच बोलल्या, म्हणजे आत पोहोचेपर्यंत माघार घ्यायला जागा उरणार नव्हती.

"डॉक्टर, माझी सून खोटं बोलली."

"आई, आता तू कशाला—" अभिजीत वळला.

"तू गप. माझी लाज राखायला बोलली ती. गोळ्या तीन दिवस घेतल्या, चौथ्या दिवशी मी काढून घेतल्या. टाक्यांवर कॅप्सूल फोडून टाकली. आणि ज्या हातानं टाकली, त्या हातानं त्याच्या आधी कुत्र्याचा कान पुसला होता. कुत्र्याचा कान तीन-चार महिने वाहतोय."

अभिजीत आईकडे बघत राहिला.

"एक कागद हाय," बनूबाई म्हणाल्या. "बदलापूरच्या डॉक्टरणीनं कुत्र्याचा पू तपासून घेतला होता. चौदा औषधं. त्यातली अकरा लागू नाय."

डॉक्टर रोहिरांचा लिहिता हात थांबला. "कुत्ते का कल्चर रिपोर्ट? अम्मा, वो कागज़ कहाँ है?"

"घरी. माझ्या डब्यात."

"कितने दिन का है?"

"महिना झाला नाय अजून."

"हे बघा, दोघांचा जंतू एकच असेल, असं मी छातीठोक नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाले. "पण असण्याचा चान्स मोठा आहे. तो कागद मिळाला, तर मी आंधळा नाही राहणार. त्या डॉक्टरणीला फोन लावा."

"नंबर कागदावरच हाय. आणि शिवरात्रीचा दवाखाना बंद ठेवते ती."

"मी गाडी काढतो," अभिजीत म्हणाला आणि मग त्यालाच सकाळचा रस्ता आठवला. जायला दोन तास, यायला दोन तास.

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहून मान हलवली. "चार तास मी थांबू शकत नाही."

बनूबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर होता. ती किल्ली त्यांनी झोपेतही कधी सोडली नव्हती.

"मालिनीला फोन लाव," त्या म्हणाल्या.

मालिनी ही शेजारीण. तिच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत वांगणीला पोहोचते, असे बनूबाई स्वतःच म्हणत. अभिजीतने फोन स्पीकरवर टाकला.

"काय वो काकू, किर्तीवहिनी कशा हायत? मी आत्ताच साबुदाणा—"

"मालिनी, ऐक. साबुदाणा उतरव, कोयता घे आणि आमच्या घरात जा. कपाटातला माझा डबा काढ. त्याचं कुलूप फोड."

"तुमचा डबा? मी फोडू?"

"माझा डबा. तूच फोड. पळ."

पावलांचा आवाज आला, दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ खोल गुरगुर ऐकू आली. "काकू, हा तांबू कपाटाला आडवा पडलाय. दात दाखवतोय. मी नाय बाई पुढं जात."

"फोन त्याच्याकडं धर." बनूबाई वाकल्या आणि फोनमध्ये अशा आवाजात बोलल्या की व्हरांड्यातली नर्सही दचकली. "तांबू! बस खाली!"

गुरगुर थांबली. क्षणभराने मालिनी पुटपुटली, "बसला की. शेपटी हलवतोय." मग पत्र्यावर कोयत्याचा एक घाव, दुसरा घाव. बनूबाईंनी डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या घावाला कडी तुटल्याचा आवाज आला.

"तळाशी. मुळ्यांच्या खाली. चौघडी केलेला कागद."

"हा सापडला. काकू, ह्याच्यावर तर तांबूचं नाव लिहिलंय! आणि हे काय, आमच्या मामंजींच्या गोळ्या पण इथंच—"

"कागदाचा फोटो काढून अभिजीतला पाठव. मग प्रत्येक पाकिटाचा काढ, एकही सोडू नको. आणि गावात सांगशीलच, तर जे झालं ते सांग. माझ्या हातानं झालं म्हणून सांग. पदरचं घालू नको."

मालिनीने लगेच फोन ठेवला.

फोटो आला. डॉक्टर रोहिरांनी तो बोटांनी मोठा केला. त्यांच्या खांद्यावरून बनूबाईंनीही पाहिला. महिन्यापूर्वी त्यांनी फक्त आर मोजले होते, नावे वाचली नव्हती. पहिलेच नाव पेनिसिलिनचे होते, ज्याने त्या स्वतः जगल्या होत्या. त्याच्यापुढे आर होता.

"मी जे सकाळी चालू केलं, तेही ह्या अकरात आहे," डॉक्टर हळू म्हणाले. "परवापर्यंत मी तेच देत बसलो असतो." त्यांनी उरलेल्या तीन नावांवरून बोट फिरवले. "ह्यातलं हे चालेल." आणि नर्सला हाक मारून त्यांनी बाटली बदलायला सांगितली.

पहिले चार तास काहीच घडले नाही. बनूबाई सुनेच्या उशाशी उभ्या होत्या. हात लावायचा नाही असे नर्सने बजावले होते आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाची आज्ञा जशीच्या तशी पाळली. अभिजीत त्यांच्याशी बोलला नाही. संध्याकाळी बीपी आणखी एकदा खाली गेले, डॉक्टर धावत आले, दोघांना बाहेर काढले गेले. दार उघडले तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, "थांबलंय. चढत नाही, पण पडतही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी किर्तीने डोळे उघडून पाणी मागितले. तिसऱ्या दिवशी तिचा स्वतःचा रिपोर्ट आला. डॉक्टर रोहिरांनी तो टेबलावर ठेवला आणि शेजारी फोनवरचा तांबूचा कागद. त्यांनी पेनाच्या टोकाने ओळीमागून ओळ जुळवली. अकराच्या अकरा तीच.

"देख लो, अम्मा," ते म्हणाले. "एकाच घरचे."

त्या दिवशी अभिजीत बोलला आणि भडकून बोलला. "त्या कुत्र्याला मी बारवीच्या जंगलात सोडून येतो. आजच."

"त्यानं मागितलं होतं का माझ्याकडं औषध?" बनूबाई म्हणाल्या. "जंगलात सोडायचं तर आधी मला नेऊन सोड, मी वाट दाखवते. चूक माझ्या हाताची होती. तो तर फक्त कान पुढं करायचा."

अभिजीत म्हणाला, "आई, तू तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"हो," बनूबाई म्हणाल्या. या एका शब्दाला त्यांना फार कष्ट पडले, हे त्याने ओळखले.

त्या तांबूला घेऊन पुन्हा बदलापूरला गेल्या. हर्षदाने कान तपासला, नवे औषध लिहिले आणि सांगितले, जखम सुकली तरी तीन आठवडे थांबायचे नाही. बनूबाईंनी विचारले, "कोणाकडनं कोणाकडं गेला हा जंतू? माझ्याकडनं त्याच्याकडं की त्याच्याकडनं आमच्याकडं?"

"ते आता कोर्टालाही सांगता येणार नाही, आजी," हर्षदा म्हणाली. "पण दोघांचं एकदम थांबवता येईल."

किर्ती घरी आली. तांबूची जागा मागच्या पडवीत गेली. त्याचे औषध बनूबाई हातमोजे घालून करीत आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवीत. मालिनी ते कुंपणावरून बघत असे. डब्यातली सगळी पाकिटे पिशवीत भरून अभिजीतने डॉक्टर रोहिरांच्या दवाखान्यात नष्ट करायला दिली. डब्याची तुटलेली कडी कोणी दुरुस्त केली नाही.

एके दिवशी मालिनी ओट्याशी आली. "काकू, मामंजींना कणकण हाय. नेहमीच्या दोन..."

"डॉक्टरकडं ने."

"तुम्हीच सांगताय?"

"मीच सांगतेय. आणि लिहिलेल्या सगळ्या खायला लाव. मधेच थांबवल्यास, तर मी येऊन मोजेन."

किर्तीच्या गोळ्या चौदा दिवसांच्या होत्या. दहाव्या दिवशी ती अंगणात फिरू लागली, बाराव्या दिवशी तिने भाकऱ्या थापल्या. चौदाव्या दिवशी सकाळी बनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. पाकिटात शेवटची गोळी होती.

किर्तीच्या ओठांवर बावीस वर्षांत न दिसलेले मिश्कील हसू आले. "आई, आता बरी झाले की. एक ठेवू का डब्यात?"

"गिळ आधी," बनूबाई म्हणाल्या.

किर्तीने गोळी गिळली. बनूबाई खाली बसल्या आणि त्यांनी सुनेला बैलगाडीची गोष्ट सांगितली. काढ्याचे चार दिवस, ओसरीवरचे पुरुष, शालनबाई काय बोलल्या, सगळे. किर्ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारले, "मला वाचवायचं, हे तेव्हाच ठरलं होतं म्हणायचं?"

"ठरलं होतं. मीच विसरायला निघाले होते."

बनूबाई उठून आत गेल्या. भिंतीवर शालनबाईंचा फोटो होता, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, नजर थेट समोर. त्यांनी रिकामे पाकीट फोटोपुढे धरले. चौदाही कप्पे फुटलेले होते.

"मोजून घ्या, आई," त्या म्हणाल्या. "एकही मागं ठेवली नाय."